बार्नॅकलचं नाव त्याच्या झाकणात असतं

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी किनाऱ्यावरून परतताना माझ्यासाठी एक कवच घेऊन येतं. बोटाच्या पेराएवढं, पांढरट, वर जांभळ्या उभ्या रेघा, टोक कापलेल्या शंकूसारखं. "ही कुठली जात हो?" मी ते उलटंसुलटं करून बघते आणि विचारते, "याचं झाकण कुठाय?" झाकण नसतंच. आतला प्राणी मेला की सगळ्यात आधी झाकण गळून पडतं, लाट ते घेऊन जाते, आणि खडकावर उरतं ते रिकामं घर. घर देखणं असतं, पण त्यावरून मालकाचं नाव खात्रीनं सांगता येत नाही. मी अंदाज सांगते आणि पुढच्या वेळी जिवंत नमुना कसा आणायचा तेही सांगते.

बार्नॅकल म्हणजे काय हे आधी पाहू, कारण पुष्कळांना ती कालवांची पिल्लं वाटतात. धक्क्याच्या खांबांवर, होडीच्या बुडाला, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर जे खरखरीत, पाय कापणारे टेंगूळ असतात ती बार्नॅकल. कालव हा शिंपल्यांच्या कुळातला, म्हणजे मृदुकाय. बार्नॅकल मात्र कोळंबी आणि खेकड्यांचा भाऊबंद. कवचामुळे लिनियसपासून कूव्हिएपर्यंत भलेभले फसले आणि त्यांनी ही मंडळी शिंपल्या-गोगलगाईंबरोबर बसवली. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या जॉन वॉन थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरनं १८३० साली दाखवून दिलं की बार्नॅकलचं पिल्लू पाण्यात पोहतं, त्याला सांध्यांचे पाय असतात आणि ते कोळंबीच्या नातलगांसारखंच दिसतं. हे पिल्लू जागा शोधत फिरतं, पसंत पडली की डोक्याकडच्या बाजूनं तिथं चिकटतं आणि भोवती चुन्याचं घर बांधून जन्मभर तिथंच राहतं. पाणी वर आलं की झाकण उघडून केसाळ पायांचा पंखा बाहेर काढायचा आणि पाण्यातलं खाणं गाळून आत ओढायचं, हा त्याचा रोजचा उद्योग.

शब्दांचा एक खुलासा इथंच करते. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सरसकट वापरतात. शाळेच्या पुस्तकात आपण जो क्रम शिकलो त्यात कुलाच्या खाली प्रजाती आणि तिच्या खाली जाती येते. मी तोच क्रम पाळते. नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.

ओळख पटवण्याची सुरुवात फळ्या मोजण्यापासून होते. बार्नॅकलचं घर एकसंध दिसतं, पण ते जुन्या लाकडी पिंपासारखं फळ्या जोडून केलेलं असतं. भिंग लावून वरच्या तोंडाकडून पाहिलं की सांधे दिसतात. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर चार फळ्या दिसल्या, भिंत जाड, खडबडीत आणि डोंगरासारखी चढती असली, तर समोर टेट्राक्लायटा प्रजातीतलं काहीतरी आहे. लाटा आपटतात त्या खडकांवर ती जास्त. सहा फळ्या असल्या तर थोडं थांबायचं, कारण सहावाले दोन मोठे गट आहेत. घराच्या एका टोकाच्या फळीला रोस्ट्रम म्हणतात, समोरच्या टोकाच्या फळीला कॅरिना. रोस्ट्रम रुंद असून शेजारच्या फळ्यांवर चढलेली दिसली, तर तो बॅलॅनसच्या घराण्यातला. रोस्ट्रम चिंचोळी आणि शेजारच्या फळ्यांखाली दबलेली असेल, तर तो थॅमॅलस. थॅमॅलस बहुतेक वेळा खडकाच्या अगदी वरच्या पट्ट्यात असतो, जिथं भरतीचं पाणी थोडाच वेळ पोचतं. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या थॅमॅलस मलायेन्सिसवर करंदे आणि पालेकर यांनी १९६३ साली शोधनिबंध लिहिला होता. आपल्या किनाऱ्याकडे इतक्या बारकाईनं बघणारी माणसं इथं तेव्हाही होती, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

फळ्या मोजणं हे पोरखेळासारखं वाटेल, पण त्यानं मोठी कामं झाली आहेत. १९४५ साली इंग्लंडच्या चिचेस्टर बंदरात चार फळ्यांची बार्नॅकल दिसली. ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची एल्मिनियस मॉडेस्टस निघाली. जहाजांच्या बुडाला चिकटून ती तिकडून युरोपात आली होती. तिथल्या खडकांवर नेहमी दिसणाऱ्या जाती सहा फळ्यांच्या, म्हणून ही परकी जात ओळखू आली. तीही सहा फळ्यांची असती तर किती वर्षं लपून राहिली असती, कोण जाणे.

फळीनंतर भिंत बघायची. भिंतीचा तुकडा मोडून कडेनं पाहिला की बॅलॅनस घराण्यातल्या बऱ्याच जातींत एका ओळीत उभ्या नळ्या दिसतात, खोक्याच्या नागमोडी पुठ्ठ्यासारख्या. टेट्राक्लायटाच्या भिंतीत नळ्यांच्या अनेक ओळी असतात, जणू मधाचं पोळं. थॅमॅलसची भिंत भरीव. मग तळ. होडी ओढून वर घेतली आणि बूड खरवडलं की काही बार्नॅकल निघून जातात, पण मागे खडूनं काढल्यासारखं पांढरं वर्तुळ उरतं, मध्यापासून कडेपर्यंत बारीक रेघा असलेलं. तो चुन्याचा तळ. काही जातींचा तळ नुसत्या पातळ पापुद्र्याचा असतो, तिथं असं वर्तुळ उरत नाही. म्हणून नमुना काढताना सुरी घालून वरचं घर उडवू नये. छिन्नीनं खालच्या दगडाचा किंवा लाकडाचा टवका घेऊनच काढावा.

आता त्या जांभळ्या रेघांच्या कवचाकडे येते. खाडीच्या तोंडाशी असलेल्या धक्क्यावरून उचललेलं असलं तर माझा पहिला अंदाज असतो ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्रायटी. ॲम्फिट्रायटी ही ग्रीक पुराणातली समुद्रदेवता. ही जात जगभरच्या उबदार बंदरांत सापडते, खाडीच्या कमीजास्त खारट पाण्यात तग धरते, लाकूड, लोखंड, दोर, शिंपला, जे मिळेल त्यावर बसते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या जातीच्या पिल्लांवर कित्येक दशकं काम चाललेलं आहे. ती कुठे बसतात, कशामुळे बसतात, कशानं बसत नाहीत हे कळलं तर जहाजांची बुडं स्वच्छ ठेवायला त्याचा उपयोग होतो.

पण हा अंदाजच. हिची एक जवळची नातलग आहे, ॲम्फिबॅलॅनस रेटिक्युलॅटस. तिलाही जांभळ्या उभ्या रेघा असतात. फरक असा की तिच्यात आडव्या रेघाही असतात आणि दोन्ही मिळून भिंतीवर जाळी होते. पुस्तकात हा फरक स्वच्छ दिसतो. धक्क्यावर मात्र कवच झिजलेलं असतं, शेवाळानं माखलेलं असतं, त्याच्यावर दुसरं बार्नॅकल बसलेलं असतं. म्हणून झाकण हवं.

झाकण म्हणजे दोन झडपांचं दार, आणि प्रत्येक झडप दोन तुकड्यांची. मोठा त्रिकोणी तुकडा स्क्यूटम, त्याच्या मागचा टर्गम. सुईनं कडेची त्वचा सोडवून हे चार तुकडे प्राण्यासकट उचलायचे. मग तुकडे वेगळे करून पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात ठेवायचे. मांस आणि पापुद्रे विरघळतात आणि चुना उरतो. घाई करून चिमट्यानं खरवडायला गेलं की नेमका हवा तोच भाग मोडतो. सुरुवातीच्या दिवसांत मी असे तुकडे पुष्कळ मोडले.

धुऊन वाळवलेला स्क्यूटम काळ्या कागदावर ठेवून दोन डोळ्यांनी बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. तीन-चार मिलिमीटरचा तुकडा असतो. बाहेरच्या बाजूला वाढीच्या रेघा, एकीखाली एक, भाताच्या खाचरांच्या बांधांसारख्या. आता तो हलकेच पालथा करा. आतल्या बाजूला मोठ्या स्नायूच्या पकडीचा खळगा दिसतो. त्याच खळग्याशेजारी एक उंच धार असते, आणि टर्गमशी जुळणाऱ्या कडेवर दुसरी. या दोन धारांची लांबी, उंची आणि त्यांच्यातलं अंतर, सगळं मोजायचं आणि त्याचं रेखाटन करायचं. टर्गमचं तर खालचं टोकच बोलतं. तिथून जिभेसारखा एक फाटा खाली उतरतो. ॲम्फिट्रायटीत टर्गम रुंद आणि फाटा आखूड, बोथट. रेटिक्युलॅटसमध्ये टर्गम अरुंद, फाटा लांब आणि निमुळता. दोन्ही शेजारी ठेवले की पहिल्यांदा बघणाऱ्यालाही फरक कळतो. बाहेरून तासभर वाद घातलेले दोन नमुने आतून दोन मिनिटांत वेगळे होतात, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

झाकणावर इतका भर का, याचं कारण असं की बाहेरचा आकार परिस्थिती घडवते. ऐसपैस जागा मिळाली तर बार्नॅकल पसरट शंकू होतं. गर्दीत वाढलं तर शेजाऱ्यांच्या रेट्यानं उंच नळकांडं होतं. एकाच दगडावर, एकाच जातीची, एकाच वयाची ही दोन रूपं मिळतात. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातली एक थॅमॅलस जात तर आणखी पुढे जाते. बार्नॅकल खाणारी विशिष्ट गोगलगाय जवळपास असली की वाढताना ती कवच एका अंगाला वाकवते, त्यामुळे तोंड आडवं होतं आणि गोगलगाईला आत शिरणं अवघड जातं. शत्रू नसला तर तीच जात सरळ शंकूसारखी वाढते. कर्टिस लाइव्हली यांनी १९८६ साली हे दाखवलं. त्याआधी कुणी वाकडी आणि सरळ अशी दोन नावं दिली असती तर त्याला फारसा दोष देता आला नसता.

आतले अवयवही पूर्णपणे भरवशाचे नाहीत. पायांच्या सहा जोड्या असतात, प्रत्येक पाय दुभंगलेला, त्यावर नाना प्रकारचे केस. कुठल्या जोडीवर कुठले केस, दातेरी की पिसांसारखे, जबड्याला दात किती, वरच्या ओठाच्या खाचेशी किती दाते, हे सगळं वर्णनात येतं. पण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बॅलॅनस ग्लँड्युला या जातीत शांत पाण्यातल्या प्राण्यांचे पाय लांब आणि लाटांच्या माऱ्यातल्या प्राण्यांचे आखूड भरतात. म्हणून नुसती पायाची लांबी धरून जात सांगू नये. एक नमुना कधीच पुरत नाही. लहान, मोठे, गर्दीतले, सुटे असे निरनिराळे नमुने बघितल्यावर कुठलं लक्षण डळमळतं आणि कुठलं टिकतं ते समजतं.

या डळमळीची सगळ्यात जास्त झळ चार्ल्स डार्विनला बसली. १८३५ साली चिलीच्या किनाऱ्यावर त्याला एका शंखाच्या कवचात भोकं पाडून राहणारं चिमुकलं, बिनघराचं बार्नॅकल मिळालं होतं. ते नीट समजून घ्यावं म्हणून १८४६ साली त्यानं काम हाती घेतलं, आणि ते आठ वर्षं चाललं. जगभरातून लोकांनी त्याला नमुने पाठवले, त्यानं स्वतःच्या सोयीप्रमाणे सूक्ष्मदर्शक बनवून घेतला, आणि १८५१ व १८५४ साली जिवंत आणि जीवाश्म बार्नॅकलवरचे चार खंड प्रसिद्ध केले. आजही बार्नॅकलचं वर्णन करायला बसणारा माणूस ते खंड उघडतो. दीडशेहून जास्त वर्षं जुना संदर्भ शोभेपुरता देणं वेगळं आणि रोज वापरणं वेगळं. डार्विनचे खंड रोजच्या वापरातले आहेत.

बॅलॅनस ॲम्फिट्रायटी हे नाव त्यानंच १८५४ साली दिलं. त्याला या जातीत इतकी विविधता दिसली की त्यानं तिचे नऊ उपप्रकार पाडले: कम्युनिस, व्हेनुस्टस, पॅलिडस, निव्हेअस अशी यादी आहे. नऊ वेगळ्या जाती म्हणायचं की एका जातीची नऊ रूपं? त्यानं दुसरा पर्याय घेतला. पुढच्या अभ्यासकांनी ते गाठोडं हळूहळू सोडलं. १९६२ साली हार्डिंग यांनी लंडनच्या संग्रहालयात डार्विनचेच नमुने पुन्हा बाहेर काढून तपासले. १९६७ साली जपानच्या उतिनोमी यांनी जाळीवाल्या रेटिक्युलॅटसला स्वतंत्र नाव दिलं. व्हेनुस्टस, व्हेरिएगॅटस, सिरॅटस या डार्विनच्या उपप्रकारांना आज स्वतंत्र जातींचा दर्जा आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की १९६७च्या आधीच्या एखाद्या नोंदीत 'ॲम्फिट्रायटी' लिहिलेलं असेल तर ते आजचं ॲम्फिट्रायटीच आहे असं नमुना पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही. नमुना जपलेला असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर ती नोंद अर्धीच राहते.

मग २००४ साली ब्राझीलच्या पितोम्बो यांनी बॅलॅनस घराण्याची फेरमांडणी केली आणि ही जात ॲम्फिबॅलॅनस या नव्या प्रजातीत नेली. वर्षानुवर्षं 'बॅलॅनस' लिहिणाऱ्या प्रयोगशाळांतल्या काहींना हे रुचलं नाही, त्यावर शोधपत्रिकांत वाद झाला. शेवटी नवं नाव रुळलं. आता पूर्ण नाव असं लिहितात: ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्रायटी (डार्विन, १८५४). इथला कंस नुसती सजावट नाही. ज्यानं जातीला नाव दिलं त्यानं ते आज आहे त्याच प्रजातीत दिलं असेल तर कंस घालत नाहीत. प्रजाती बदलली असेल तरच घालतात. एवढ्याशा कंसात वाचणाऱ्याला कळतं की ही जात डार्विनची, पण प्रजाती नंतरची.

एका नावाखाली दोन जाती दडलेल्या असण्याचं नामांकित उदाहरण थॅमॅलसचं आहे. जोसेफ कॉनेल यांनी १९६१ साली स्कॉटलंडच्या खडकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वरच्या पट्ट्यातला थॅमॅलस खाली का उतरत नाही? कारण खालचं जोरकस बार्नॅकल त्याला रेटून, उचकटून काढतं. परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग असतोच. निबंधात नाव होतं थॅमॅलस स्टेलॅटस. १९७६ साली ॲलन साउथवर्ड यांनी दाखवलं की ईशान्य अटलांटिकमध्ये त्या नावाखाली दोन जाती नांदताहेत, आणि दुसरीला त्यांनी थॅमॅलस मॉन्टॅगुई हे नाव दिलं. त्यांनीही झाकणाच्या तुकड्यांचा आकार आणि त्यांचे सांधे बघितले होते.

आता डीएनए आला आहे, आणि मला त्याचा उपयोगही होतो. जपान आणि तैवानकडच्या टेट्राक्लायटा स्क्वामोसाचं असंच झालं. हिरवट भिंतीच्या आणि गुलाबी भिंतीच्या टेट्राक्लायटाला एकच जात मानत होते. डीएनए आणि बारीक शरीररचना शेजारी ठेवल्यावर गुलाबीवाली वेगळी निघाली. चॅन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली तिला कुरोशियो या सागरी प्रवाहावरून टेट्राक्लायटा कुरोशिओएन्सिस हे नाव दिलं. रंग इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता, फक्त तो महत्त्वाचा आहे असं म्हणायला आधार नव्हता. पण डीएनए हा शेवटचा शब्द आहे असं मात्र मी मानत नाही. आपण काढलेला डीएनएचा क्रम ज्या माहितीसाठ्याशी ताडून बघतो, त्यातल्या नोंदी कुणीतरी नमुने ओळखूनच भरलेल्या असतात. ती ओळख चुकली असेल तर संगणक तीच चूक आपल्या हातात देतो. २०१४ सालच्या एका अभ्यासात तर आपल्या ॲम्फिट्रायटीचेच जगभर तीन वेगळे वंशगट दिसले. ते वेगळ्या जाती मानायचे की नाही, हे ठरवायला पुन्हा स्क्यूटम आणि टर्गम काढूनच बसावं लागेल.

समजा, सगळं ताडून पाहिलं आणि नमुना कुठल्याच ज्ञात जातीत बसला नाही. तेव्हा नवं वर्णन लिहायचं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे एक नमुना नावाचा आधार म्हणून नेमणं. त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या कुणाला शंका आली तर शब्दांचा कीस न पाडता तो नमुनाच उघडून बघता यावा. २००० सालापासून नियम असा आहे की होलोटाइप कुठला आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लेखात स्पष्ट सांगितलंच पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. आपल्याकडे असे नमुने कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत ठेवता येतात. त्यानंतर वर्णन: फळ्या, भिंत, तळ, स्क्यूटम, टर्गम, पाय, तोंड. सगळ्याची मापं, सगळ्याची रेखाटनं. शेवटी सर्वात जवळच्या जातीपासून ही कशी वेगळी, ते नेमक्या शब्दांत. "दिसायला वेगळी" असं लिहून चालत नाही. "टर्गमचा फाटा तळकडेच्या अमुक भागाएवढा रुंद" असं लिहावं लागतं.

आता, पुढच्या वेळी किनाऱ्यावर जाल तेव्हाची विनंती. रिकामं घर नको. झाकण मिटलेले, जिवंत असे पाचसहा नमुने पुरेत, तळासकट. फॉर्मेलिनमध्ये टाकू नका, त्यानं डीएनए बिघडतो. कडक अल्कोहोलमध्ये ठेवा. आणि बाटलीच्या आत, बाहेर नव्हे, एक चिठ्ठी घाला: जागा, तारीख, भरती-ओहोटीच्या कुठल्या पट्ट्यात, कशावर बसलेलं होतं, कुणी काढलं. चिठ्ठी शिसपेन्सिलनं लिहा.

शिसपेन्सिलीचं का सांगते? एका जुन्या संग्रहात मला एक मोठी बाटली दाखवली होती. आत शेदीडशे बार्नॅकल, झाकणं शाबूत, इतकी सुरेख की मी तिथंच खुर्ची ओढून बसले. आतली चिठ्ठीही होती, बॉलपेननं लिहिलेली. अल्कोहोलमध्ये शाई सगळी उतरली होती आणि कागदावर फिकट निळा डाग होता. मी दिव्यासमोर धरून तो खूप वेळ वाचायचा प्रयत्न केला. सालातला एक आकडा लागला, बहुधा सात. जागा लागली नाही. मी ती चिठ्ठी परत आत घातली आणि बाटलीचं बूच घट्ट लावलं.